नाइस १९ देऊनही मशीन अडतंय? प्राधान्य कुठे वाया जातंय ते आधी शोधा

लिनक्सच्या मशीनवर मागे एखादं जड काम लावलं की पुढे बसलेल्या माणसाचा जीव जातो. माउसचा बाण थांबत थांबत सरकतो, टाइप केलेलं अक्षर सेकंदभराने उमटतं, ब्राउझरचा टॅब पांढरा पडून राहतो. उपाय विचारला की पहिलं उत्तर ठरलेलं: नाइस लावा, म्हणजे मागच्या कामाचं सीपीयूमधलं प्राधान्य कमी करा. लोक लावतातही. थेट १९, म्हणजे सर्वांत खालचं प्राधान्य. काही वेळा फरक पडतो, बऱ्याचदा पडत नाही, आणि पुढच्या आठवड्यात तोच प्रश्न परत येतो.

उदाहरणाला चार कोअर, ८ जीबी मेमरी आणि जुनी फिरती हार्ड डिस्क असलेलं मशीन घेऊ. त्यावर जुन्या मराठी वर्तमानपत्रांची स्कॅन केलेली पानं टेसरॅक्ट या ओसीआर (चित्रातली अक्षरं ओळखणाऱ्या) प्रोग्रॅममधून मजकुरात आणण्याचं काम दिवसभर चालू आहे, आणि त्याच मशीनवर एक जण निघालेल्या मजकुराचं मुद्रितशोधन करतोय. तक्रार त्याची आहे. (कमांड आणि फाइलींचे रस्ते इथे उच्चाराप्रमाणे लिहिलेत, टर्मिनलमध्ये ते अर्थातच रोमन लिपीत द्यायचे.)

नाइस करतो काय

नाइसची किंमत -२० ते १९. कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, या प्रत्येक आकड्याला एक वजन देतो: ० ला १०२४, ५ ला ३३५, १० ला ११०, १९ ला १५. एका कोअरवर ० आणि १९ अशा दोन प्रोसेस सतत धावायला तयार असतील, तर वेळेची वाटणी १०२४ विरुद्ध १५ होते. म्हणजे पहिलीला साधारण ९८.५ टक्के, दुसरीला दीड टक्का. इतकी एकतर्फी वाटणी असताना मुद्रितशोधकाला मागचं काम जाणवायलाच नको.

नाइस कुणाला आवर घालत नाही, हेही इथेच सांगून टाकतो. कोअर मोकळा असेल तर १९ वाली प्रोसेससुद्धा तो शंभर टक्के वापरते, आणि तसंच व्हायला हवं. टॉप या कमांडमध्ये टेसरॅक्टसमोर १०० टक्के दिसले म्हणून नाइस चालला नाही असं ठरवू नका. त्रास आकड्यावरून ओळखू नका, अडखळण्यावरून ओळखा.

हे वजन दोन अटींवर चालतं. दोन्ही प्रोसेस सीपीयूच्याच रांगेत उभ्या असायला हव्यात, आणि त्यांची तुलना एकाच गटात व्हायला हवी. नाइस वाया जातो तेव्हा बहुतेक वेळा यातली एक अट मोडलेली असते. कुठली, ते शोधायला दहा मिनिटं पुरतात.

आधी रांग ओळखा

लोड अ‍ॅव्हरेज (धावणाऱ्या आणि रांगेत उभ्या प्रोसेसची सरासरी) बघून निर्णय घेऊ नका. लिनक्समध्ये १९९३ पासून या आकड्यात डिस्कसाठी ताटकळलेल्या प्रोसेसही मोजल्या जातात. चार कोअरच्या मशीनवर लोड ९ दिसतोय आणि सीपीयू निम्मा रिकामा आहे, असं खुशाल घडू शकतं.

मशीन अडखळत असतानाच 'व्हीएमस्टॅट १' चालवा आणि पाच-सहा ओळी बघा. पहिली ओळ सोडून द्या, ती मशीन सुरू झाल्यापासूनची सरासरी असते. 'आर' स्तंभात धावणाऱ्या आणि धावायला तयार अशा प्रोसेस, 'बी' मध्ये अडकलेल्या. 'आर' सतत कोअरच्या संख्येच्या वर असेल तर भांडण सीपीयूसाठी आहे. 'बी' आणि 'डब्ल्यूए' (डिस्कची वाट बघण्यात गेलेला वेळ) वर असतील तर डिस्कसाठी. 'एसआय' आणि 'एसओ' शून्यावरून हलत असतील तर मेमरी संपलीय आणि स्वॅप, म्हणजे मेमरीतला ऐवज डिस्कवर नेणं-आणणं, सुरू आहे. मग नाइसचा विषय तिथेच बंद करा.

याहून नेमकं उत्तर ४.२० पासूनच्या कर्नलमध्ये मिळतं (डिसेंबर २०१८). '/प्रॉक/प्रेशर' या डिरेक्टरीत 'सीपीयू', 'आयओ' आणि 'मेमरी' अशा तीन फाइली असतात. 'सम' या ओळीतला 'एव्हीजी१०' म्हणजे गेल्या दहा सेकंदांपैकी किती टक्के वेळ निदान एक तरी काम त्या गोष्टीसाठी खोळंबून होतं. तिन्ही फाइली एकामागोमाग वाचल्या की रोग कुठला ते बहुधा लगेच कळतं. फाइली सापडल्याच नाहीत, तर तुमच्या डिस्ट्रिब्युशनने ही सोय बंद ठेवली असेल. बूटच्या वेळी कर्नलला 'पीएसआय=१' द्या.

संशय विशिष्ट प्रोसेसवर असेल तर '/प्रॉक', तिचा क्रमांक, 'शेडस्टॅट' ही फाइल उघडा. तीन आकडे दिसतील. पहिला सीपीयूवर घालवलेला वेळ, दुसरा रांगेत उभं राहून घालवलेला वेळ, दोन्ही नॅनोसेकंदांत. हिशोब मुख्य थ्रेडचा (प्रोसेसच्या आत स्वतंत्रपणे धावणाऱ्या एका धाग्याचा) असतो, पण कामापुरता पुरतो. ब्राउझर अडखळतोय आणि त्याचा दुसरा आकडा जागचा हलत नाही, तर तो सीपीयूसाठी थांबलेलाच नाही. मग टेसरॅक्टला कितीही नाइस लावा.

सीपीयूचीच ओढाताण आहे, तरी नाइस चालत नाही

इथे गट आडवा येतो. २०११ च्या मार्चमध्ये आलेल्या २.६.३८ कर्नलपासून ऑटोग्रुप नावाची सोय आहे. प्रत्येक सत्राचा, म्हणजे ढोबळमानाने प्रत्येक टर्मिनल खिडकीचा, एक गट होतो. शेड्युलर, म्हणजे सीपीयूचा वेळ वाटणारा कर्नलचा भाग, वेळ आधी गटांत वाटतो, मग गटाच्या आत प्रोसेसमध्ये. नाइस फक्त दुसऱ्या वाटणीत बघितला जातो. टर्मिनलमधल्या गटात सगळीच टेसरॅक्टची पिल्लं असतील आणि सगळ्यांना १९ असेल, तर आपसात ती सारखीच. बाहेरच्या गटाला त्यांच्या १९ शी काही देणंघेणं नाही. समोरचा ब्राउझरही चारही कोअरवर पसरलेला असेल तर निम्मं-निम्मं होतं.

दोन भावांत शेत निम्मं-निम्मं वाटलं की थोरल्याच्या घरात कोण किती खातं याचा धाकट्याच्या हिश्श्यावर परिणाम होत नाही, तसंच हे.

ऑटोग्रुप चालू आहे का, ते '/प्रॉक/सिस/कर्नल/शेड_ऑटोग्रुप_एनेबल्ड' सांगतं. १ असेल तर चालू. संपूर्ण गटाला खाली ढकलायचं असेल तर '/प्रॉक', प्रोसेसचा क्रमांक, 'ऑटोग्रुप' या फाइलीत १९ लिहा. हा गटाचा नाइस. ऑटोग्रुप सरसकट बंद करा असा सल्ला जागोजागी दिसतो, मला तो पटत नाही. एका टर्मिनलमध्ये साठ थ्रेडचं कंपाइल लावून दुसरीकडे व्हिडिओ बघता येतो तो याच सोयीमुळे.

ऑटोग्रुपचं राज्य मात्र फक्त मूळ सीग्रुपमधल्या प्रोसेसवर चालतं. (सीग्रुप म्हणजे प्रोसेसचे एकात एक बसवलेले गट.) सिस्टिमडी (सर्व्हिसेस सुरू करणारा, सांभाळणारा प्रोग्रॅम) असलेल्या मशीनवर '/सिस/एफएस/सीग्रुप/सीग्रुप.सबट्री_कंट्रोल' उघडा. त्यात 'सीपीयू' हा शब्द दिसला तर वाटणी सीग्रुपच्या वजनांनी होतेय. प्रत्येक गटाचं 'सीपीयू.वेट' मुळात १००, मर्यादा १ ते १००००.

ओसीआरचं काम सर्व्हिस म्हणून बसवलेल्यांची इथेच फसगत होते. युनिट फाइलीत 'नाइस=१९' लिहिलेलं असतं. सिस्टिमडी आपल्या सीग्रुपला स्लाइस म्हणतो: सर्व्हिस 'सिस्टिम.स्लाइस'मध्ये जाते, माणसाचं डेस्कटॉप 'यूझर.स्लाइस'मध्ये. दोन्ही स्लाइस एकाच पायरीवर, दोघांचं वजन १००. तो १९ आपल्या सर्व्हिसच्या आतच विरून जातो. मग कुणी सांगतं की 'सीपीयूवेट=१०' लिहा. तेही अर्धंच औषध: ते वजन 'सिस्टिम.स्लाइस'मधल्या इतर सर्व्हिसेसशी तोललं जातं, 'यूझर.स्लाइस'शी नाही. वजन फक्त सख्ख्या भावंडांत तोललं जातं, एवढं लक्षात ठेवलं की सीग्रुपचं निम्मं कोडं सुटतं.

म्हणून कामाला स्वतःची वरच्या पायरीवरची स्लाइस द्या. 'ओसीआर.स्लाइस' नावाची फाइल करून तिच्यात 'सीपीयूवेट=५' लिहा आणि सर्व्हिसच्या युनिटमध्ये 'स्लाइस=ओसीआर.स्लाइस'. नावात जोडरेघ नको. सिस्टिमडी तिचा अर्थ 'आतली पायरी' असा लावतो आणि तुमची स्लाइस भलत्याच ठिकाणी जाऊन बसते. हाताने चालवायचं असेल तर 'सिस्टिमडी-रन --स्कोप --स्लाइस=ओसीआर.स्लाइस' आणि पुढे तुमची कमांड. खरंच तिथे गेली का, ते '/प्रॉक', क्रमांक, 'सीग्रुप' मध्ये बघा किंवा 'सिस्टिमडी-सीजीटॉप' चालवा. आता १०० विरुद्ध ५ ची वाटणी खरोखर माणूस आणि ओसीआर यांच्यात होते.

रीनाइस अर्धवट लागतो

चालू असलेल्या प्रोसेसला 'रीनाइस' केला, टॉपमध्ये १९ दिसला, तरी फरक नाही, अशी तक्रार असेल तर थ्रेड मोजा. पॉझिक्स मानकानुसार नाइस संपूर्ण प्रोसेसला लागू व्हायला हवा. लिनक्समध्ये तो थ्रेडगणिक असतो. 'रीनाइस -पी' फक्त मुख्य थ्रेडला लागतो, आधीच जन्मलेले बाकीचे थ्रेड ० वरच राहतात. एचटॉपमध्ये मोठा 'एच' दाबून थ्रेडची यादी चालू-बंद होते, त्यात हे उघड दिसतं. उपाय दोन: प्रोसेस ग्रुपच्या क्रमांकावर 'रीनाइस -जी' करा, म्हणजे त्यातले सगळे थ्रेड सापडतात. किंवा काम सुरू करतानाच नाइस लावा, पुढची पिल्लं तो घेऊनच जन्मतात. साध्या वापरकर्त्याने एकदा १९ केलं की सहसा परत कमी आकड्यावर आणता येत नाही, म्हणून आधी १० करून बघितलेलं बरं.

टेसरॅक्टच्या बाबतीत थ्रेड हे स्वतंत्र दुखणं आहे. ओपनएमपी (काम अनेक थ्रेडांत वाटणारी लायब्ररी) घेऊन बांधलेला टेसरॅक्ट एका पानाला चार थ्रेड लावतो. लोक वर आणखी चार पानं एका वेळी चालवतात. चार कोअरवर सोळा थ्रेड झाले. शिवाय ओपनएमपीचे थ्रेड एकमेकांची वाट बघताना काही काळ झोपी न जाता जागच्या जागी फिरत राहतात, आणि शेजारच्या प्रोसेसची खबर त्या लायब्ररीला नसते. शेड्युलरच्या लेखी फिरणं म्हणजे कामच, तो त्यांनाही वेळ देतो. 'ओएमपी_थ्रेड_लिमिट=१' हे एन्व्हायरनमेंटमध्ये ठेवा आणि तीन पानं एका वेळी चालवा. एक कोअर माणसाला मोकळा राहतो आणि पानंही बहुधा जास्तच निघतात. वरचं सगळं वाचायचा कंटाळा आला असेल तर निदान एवढं करा.

डिस्क आणि मेमरी

'/प्रॉक/प्रेशर/आयओ' चढलेला असेल आणि प्रोसेस 'डी' अवस्थेत, म्हणजे डिस्कसाठी अडकलेल्या, दिसत असतील, तर 'आयओनाइस -सी ३', म्हणजे डिस्कचा नाइस, आठवतो. तो लावण्याआधी '/सिस/ब्लॉक/एसडीए/क्यू/शेड्युलर' वाचा. चौकटी कंसातलं नाव म्हणजे चालू असलेला डिस्क शेड्युलर. तिथे 'नन' असेल तर आयओनाइस कुणी वाचतच नाही. जुन्या लेखांतला सीएफक्यू हा डिस्क शेड्युलर २०१९ च्या ५.० कर्नलमध्ये काढून टाकला. फिरत्या डिस्कवर 'बीएफक्यू' निवडा, मग आयओनाइसला अर्थ येतो.

तोही मुख्यतः वाचण्यापुरता. साधं लिहिणं आधी मेमरीत साठतं आणि नंतर कर्नलचा स्वतःचा थ्रेड ते डिस्कवर उतरवतो, तेव्हा तुमच्या प्रोसेसचं प्राधान्य त्या लिखाणाला चिकटलेलं नसतं. असं साठलेलं लिखाण उपलब्ध मेमरीच्या २० टक्क्यांपर्यंत जाऊ शकतं ('व्हीएम.डर्टी_रेशो'), आणि मग लिहिणाऱ्या सगळ्यांनाच ब्रेक लागतो. संथ डिस्कवर शेकडो एमबी एकदम उतरायला लागले की माउस गोठल्यासारखा वाटतो तो या वेळी. टक्क्यांऐवजी ठोक आकडे द्या: 'व्हीएम.डर्टी_बॅकग्राउंड_बाइट्स' ६४ एमबी आणि 'व्हीएम.डर्टी_बाइट्स' २५६ एमबी, दोन्ही बाइटांत लिहून. अशा डिस्कला हे पुरतं.

मेमरीचं गणित वर्तमानपत्राच्या पानावर लगेच कळतं. १५ इंच रुंद आणि २२ इंच उंच पान ३०० डीपीआयवर रंगीत स्कॅन केलं की ४५०० गुणिले ६६०० पिक्सेल, प्रत्येकी तीन बाइट. उलगडलेलं एक पान सुमारे ८९ एमबी. प्रक्रियेत त्याच्या आणखी प्रती होतात. अशी चार पानं, वर तीसेक टॅब उघडलेला ब्राउझर, आणि ८ जीबी संपतात. ब्राउझरची मेमरी स्वॅपमध्ये गेली की शेड्युलरने त्याला पहिला नंबर दिला तरी धावायला त्याच्याकडे मेमरीच नसते. 'ओसीआर.स्लाइस'मध्ये 'मेमरीहाय=३जी' लिहा. मर्यादा ओलांडली की त्या स्लाइसचाच वेग मंदावतो आणि तिच्याच मेमरीतून वसुली होते.

प्राधान्य फार खाली नेल्याचा त्रास

काही जण नाइसवर समाधान न मानता 'सीएचआरटी --आयडल ०' वापरतात. त्याचं वजन अवघं ३. मग भलतंच दुखणं सुरू होतं: मशीन एरवी छान चालतं, पण मुद्रितशोधनाचा प्रोग्रॅम मधूनच सेकंद-दोन सेकंद गोठतो. दोघांचा डेटाबेस एक असेल तर हमखास. ओसीआर डेटाबेसचं कुलूप घेतं आणि तेवढ्यात दुसरंच कुणी, म्हणा ब्राउझर, सीपीयू घेऊन बसतं. कुलूप हातात असलेल्या प्रोसेसला धावायला वेळ मिळत नाही आणि वरच्या प्राधान्याचा माणूस त्या कुलपापाशी उभा राहतो.

याला प्रायॉरिटी इन्व्हर्जन म्हणतात, आणि याचं सर्वांत गाजलेलं प्रकरण मंगळावरचं आहे. ४ जुलै १९९७ ला उतरलेलं नासाचं पाथफाइंडर यान काही दिवसांनी आपोआप रीसेट व्हायला लागलं. हवामानाची नोंद घेणाऱ्या खालच्या प्राधान्याच्या टास्ककडे एक म्युटेक्स (एका वेळी एकालाच मिळणारं कुलूप) होता, यानातली माहितीची वाहिनी, म्हणजे बस, सांभाळणारं वरचं टास्क त्याची वाट बघत होतं, आणि मधल्या प्राधान्याचं काम हवामानवाल्याला धावू देत नव्हतं. वेळेत काम झालं नाही म्हणून पहारेकरी टायमर सगळी यंत्रणा पुन्हा सुरू करत होता. यानातल्या व्हीएक्सवर्क्स प्रणालीत कुलूपधारकाला तात्पुरतं वरचं प्राधान्य देण्याची सोय होती, ती त्या म्युटेक्सपुरती बंद होती. पृथ्वीवरून ती चालू केली आणि रीसेट थांबले.

आपल्या डेटाबेसच्या कुलपाला ही सोय नसते. म्हणून आयडल काढा, नाइस १० वर आणा, आणि ओसीआरने पान तयार करून मगच कुलूप घेऊन झटपट लिहावं अशी रचना करा. उलट्या टोकाचा उपाय, म्हणजे मुद्रितशोधनाच्या प्रोग्रॅमला रिअल-टाइम प्राधान्य देणं, कृपया करू नका. त्यातला एखादा थ्रेड चक्रात अडकला तर तो आपल्या कोअरवर बाकी कुणाला जवळपास उभं करत नाही. कर्नल सर्वसाधारणपणे सेकंदातले ५० मिलिसेकंद इतरांसाठी राखतो, पण तेवढ्यात टर्मिनल उघडून तो मारणं म्हणजे शिक्षा आहे.

जुने आकडे शोधत बसू नका

'शेड_लेटन्सी_एनएस' इतकं करा, 'शेड_मिन_ग्रॅन्युलॅरिटी_एनएस' तितकं करा, असे सल्ले अजून फिरतात. ते सीएफएस या जुन्या शेड्युलरच्या काळातले. इंगो मोलनार यांचा हा शेड्युलर २००७ मध्ये २.६.२३ कर्नलात आला. न्याय्य वाटणीची कल्पना त्याआधी कॉन कोलिव्हास यांनी आपल्या पॅचमधून लावून धरली होती. पेशाने ते ऑस्ट्रेलियातले भूलतज्ज्ञ, आणि डेस्कटॉप अडखळू नये हीच त्यांची धडपड. हे आकडे ५.१३ मध्ये सिसकंट्रोलमधून उचलून डीबगएफएसमध्ये गेले आणि ऑक्टोबर २०२३ च्या ६.६ पासून सीएफएसची निवडपद्धत जाऊन ईईव्हीडीएफ ही नवी पद्धत आली. नाइसची वजनं तीच राहिली. तुमच्या मशीनवर ती नावं सापडत नसतील तर काही बिघडलेलं नाही.

कंटेनरवाल्यांची तक्रार याच्या उलट असते: सीपीयू मोकळा, तरी काम मंद. तिथे 'सीपीयू.मॅक्स', म्हणजे ठरावीक वेळात किती सीपीयू वापरायचा याची मर्यादा, बघा. १०० मिलिसेकंदांच्या खिडकीत २०० मिलिसेकंदांचा कोटा असेल आणि आठ थ्रेड एकदम धावले, तर २५ मिलिसेकंदांत कोटा संपतो आणि उरलेले ७५ सगळे उभे. 'सीपीयू.स्टॅट'मधला 'एनआर_थ्रॉटल्ड' वाढत असेल तर कोटा वाढवा किंवा थ्रेड कमी करा.

हे सगळं केल्यावर काम पुन्हा लावा आणि 'प्रेशर'च्या तिन्ही फाइली परत वाचा. तिन्ही शांत आहेत आणि तरी बाण अडखळतोय, तर शेड्युलरला सोडा. 'डीमेसेज'मध्ये (कर्नलच्या नोंदींत) तापमानामुळे घड्याळाचा वेग कमी केल्याची नोंद आहे का ते बघा. चारही कोअर तासन् तास भरलेले असले की जुन्या लॅपटॉपवर ती सापडतेच, आणि तेव्हा पंख्याची धूळ काढून एका वेळची पानं तीनवरून दोनवर आणावी लागतात.